जागा कुणाच्या बापाची?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘समाज, त्यातली आपली जागा आणि पुस्तकं’. विषय कुणा प्राध्यापकाने काढलेला दिसतो. माझं शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. दिवसा गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. तेव्हा समीक्षा वगैरे माझ्याकडून मागू नका. मी पुस्तक वाचतो ते ओझं उचलणाऱ्या माणसासारखं. आधी हात लावून बघायचं, वजन किती, पकड कुठे बसते, खांद्यावर घेतल्यावर रुततं कुठे. तेवढंच सांगणार आहे. शेवटी आपल्या वाचनालयाबद्दल दोन शब्द बोलणार आहे. ते काहींना झोंबतील. झोंबू देत.

आधी ‘समाज’ हा शब्द घ्या. पांढरपेशे लोक समाज म्हणतात तेव्हा त्यांना सगळी माणसं अभिप्रेत असतात, असं निदान ते सांगतात. आपल्या वस्तीत समाज म्हणजे जात. ‘आपल्या समाजाचा पोरगा आहे’, ‘समाजाचं लग्न आहे’, ‘समाजात बोभाटा होईल’. शब्द एक, अर्थ दोन. मोठ्या समाजाने आपल्याला बाहेर ठेवलं म्हणून आपण लहान समाजाला घट्ट धरलं. धरलं ते बरोबरच केलं. नाहीतर जगलो नसतो.

दुसरा शब्द ‘जागा’. गोदीच्या गेटवर सकाळी पहिला सवाल हाच, आज कुणाच्या टोळीत जागा आहे? कचेरीत राखीव जागा. मुंबईत पाठ टेकायला जागा. मेल्यावर जाळायला जागा. आपलं सगळं आयुष्य ह्या एका शब्दाभोवती फिरतं.

प्रस्थापितांच्या पुस्तकात एक नायक असतो. तो शहरात येतो, हरवतो, एकटा पडतो. मग त्याला गाव आठवतं, वाडा आठवतो, आजीची गोधडी आठवते. तो परत जातो आणि त्याला त्याची जागा सापडते. वाचक डोळे पुसतो. अशी पुस्तकं मी वाचली आहेत, त्यातली काही चांगलीही आहेत. पण दोस्तहो, त्या वाटेने आपण परत गेलो तर कुठे पोचतो? गावकुसाबाहेर. आपली जागा हरवलीच नव्हती. आपण जन्मायच्या आधीपासून ती पक्की होती. हरवली असती तर सुटलो असतो!

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ वाचा. १९१५ सालचं पुस्तक आहे. आत्रे काही आपल्या बाजूने लिहीत नव्हते. पण गाव कसं चालतं ते त्यांनी एखाद्या इंजिनाचे भाग सुटे करून दाखवावेत तसं दाखवलंय. कुणब्याच्या खळ्यावरून बलुतं कुणाला मिळतं, सुतार, लोहार, चांभार, महार यांनी त्याबदली काय करायचं, सगळं त्यात आहे. त्या गाड्यात प्रत्येकाला जागा होती. म्हणून काही लोक अजून गहिवरतात, की जुन्या गावात प्रत्येकाला जागा होती हो! होती ना. खिळ्यालासुद्धा भिंतीत जागा असते.

महाराने निरोप पोचवायचे, हद्दी दाखवायच्या, सरकारी माणसाचं सामान वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात तुकडाभर वतनाची जमीन आणि दारोदारची भाकर. आणि आपलीच जुनी माणसं बावन्न हक्क छाती फुगवून सांगायची. गुलामीची सनदच हक्क म्हणून जपली, एवढी ती जागा अंगात मुरली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत काही जण राज्याचा पाया गाव असावा म्हणत होते, तेव्हा बाबासाहेबांनी त्या गावाच्या गौरवाचं पितळ उघडं पाडलं. घटनेने एकक मानलं ते माणसाला. ते भाषण प्रत्येकाने मुळातून वाचावं.

गावाने दिलेली जागा सोडली आणि आपण शहरात आलो. इथे काय झालं ते बाबुराव बागुलांनी सांगितलं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३ साली आलेला कथासंग्रह. नावाच्या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जातो. खोली हवी, तर जात लपवावी लागते. लपवतो. कळल्यावर मार खातो. शीर्षकातला शब्द बघा, ‘चोरली’. स्वतःची जात स्वतः चोरायची! खोली भाड्याची, ओळख उसनी. उसना शर्ट घालून लग्नाला गेलेला माणूस पंगतीत मोकळा जेवत नाही, कोण ओळखेल म्हणून त्याचं लक्ष दाराकडे असतं. आजही खोली दाखवणारा एजंट आधी आडनाव विचारतो. आणि आपल्यातले किती जण आडनाव गिळून गावाचं नाव सांगतात, ते इथे हात वर करून सांगायला नको.

मग १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. त्यांचे वडील मुंबईत ड्राय डॉकमध्ये कामाला होते. ते पान मी दोनदा वाचलं. माझ्या धंद्यातला माणूस पुस्तकात! तोवर मला वाटायचं, पुस्तकात यायला निदान मास्तर तरी असावं लागतं. त्यात कावाखाना आहे, दाटीवाटीने राहणारी माणसं आहेत, दिवसभर चिंध्या-कागद वेचून घर चालवणाऱ्या बाया आहेत. पण मला सगळ्यात रुतली ती पुस्तकाची मांडणी. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एक, नावं दोन. दगडू गावाने आणि गरिबीने घडवलेला, दया शिकलेला, कवी. शिकलेला माणूस आपल्याच दगडूला समोर बसवून विचारतो, बाबा, तू कोण? पुस्तकभर ते दोघं एकमेकांना सोडत नाहीत. तुमच्यात जे कॉलेजात जातात त्यांनी आपापला दगडू कुठे ठेवलाय ते बघावं. माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा.

ते पुस्तक आलं तेव्हा आपल्यातल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी बोंब मारली. घरातलं उकिरडं चव्हाट्यावर कशाला मांडलं म्हणाले. मी त्या लोकांना शिव्या देणार नाही. ज्याने मोठ्या कष्टाने इस्त्रीचा शर्ट मिळवलाय त्याला जुन्या चिंधीची लाज वाटणार. पण उकिरडा झाकून समाज उभा राहत नाही. ज्याने जागा दिली त्याची लाज त्याला वाटली पाहिजे, आपण का खाली बघायचं? हे ‘बलुतं’ने केलं. म्हणून त्याच्यानंतर एकेका वाडीतून, पालातून, माणसं लिहायला उठली.

आता खरं अवघड. आपल्या समाजाने दिलेल्या जागेचं काय?

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० सालचं. कैकाडी समाज. गाढवावर बिऱ्हाड, टोपल्या विणायच्या, आज ह्या गावाच्या बाहेर पाल, उद्या त्या गावाच्या. महाराला निदान गावकुसाबाहेर ठरलेली वाडी होती. कैकाड्याला तीही नाही. म्हणजे आपण ज्याला तळ समजत होतो त्याच्याखाली अजून एक तळ होता, आणि तो आपल्याला दिसत नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यात जातपंचायत वाचा. वरचे लोक जसे आपल्याला वाळीत टाकतात तसं पंच आपल्याच माणसाला वाळीत टाकतात. ज्याला गावात पाय ठेवायला जागा नाही, तोच आपल्या पालात दुसऱ्याची जागा काढून घेतो. ह्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला, २०१७ साली तो अमलात आला. म्हंजे पुस्तक आल्यावर छत्तीस-सदतीस वर्षांनी.

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पोर जन्मलं की चोर. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, पोलिसाची काठी गेली नाही. पण मला त्यातला दुसराच प्रसंग सोडत नाही. लक्ष्मण शाळेत जायला लागतो. त्याच सुमाराला वस्तीतल्या पोरांना हगवण-उलट्या सुरू होतात. वस्ती ठरवते, ह्याच्या शाळेमुळेच हे झालं. बापाला सांगतात, काढ पोराला शाळेतून. वाचताना आधी संताप आला. मग विचार केला, ही माणसं दुष्ट होती का? नाही. ती घाबरली होती. सरकार, पोलीस, गाव, जे जे बाहेरून आलं त्याने त्यांना मारलंच होतं. शाळाही बाहेरूनच आलेली. भेदरलेला समाज आपल्या पोराला छातीशी इतका आवळतो की पोराचा श्वास कोंडतो. हे लक्षात ठेवा. वाचनालयाच्या मुद्द्यावर मी पुन्हा ह्या भीतीकडे येणार आहे.

शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं. तोळ्याला मासे बारा. अकरा भरले तर एक कमी. आई महार, बाप पाटील. बापाच्या वाड्यात जागा नाही हे समजू शकतो, तो वाडाच तसला. पण महारवाडासुद्धा तराजू घेऊन बसतो. हा पोर कुणाचा? ह्याच्याशी सोयरीक कशी करायची? मनूचा तराजू आपल्या हातात आल्यावर आपणही वजन करायला लागलो, की नाही? आणि त्याच पुस्तकात दादा आहे. महमूद दस्तगीर जमादार. जातीने मुसलमान, एसटी स्टँडवरचा हमाल. आजी संतामायसोबत राहतो, त्या पोराला नातवासारखं वाढवतो. रक्ताचं नातं नाही, जात नाही, धर्म नाही. ज्या बापाचं रक्त होतं त्याने टाकलं, आणि एका हमालाने घास भरवला. समाज म्हणजे काय, ह्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. कुणाच्या पोटी जन्मलास हे विचारायच्या आधी जेवलास का म्हणून विचारतो, तो आपला समाज.

आता मैत्रिणींनो, तुमच्याबद्दल. तुमच्याबद्दल म्हणण्यापेक्षा आम्हा पुरुषांबद्दल. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. बेबीताई छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या. आणि लिहायच्या लपून. वह्या घरात लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. कुणापासून? पेशव्यांपासून नाही. घरच्या पुरुषापासून! बाबासाहेबांवर जीव ओवाळणाऱ्या घरात बाईला वही लपवावी लागते, ह्याचा जाब चळवळीने द्यायचा की नाही? महारवाड्यातल्या कोवळ्या सुना त्यांनी लिहिल्या आहेत. पळून जाऊ नये म्हणून सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवायचे. गावाने आपल्याला बांधलं, आपण सुनेला बांधलं. तरी ते पुस्तक रडगाणं नाही. त्यातला शब्द ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. एवढा खोडा पायात असूनही ती बाई आपल्या माणसांना टाकून एकटी वर चढत नाही, सगळ्यांना घेऊन बोलते.

ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ चं. आयदान म्हणजे बांबूच्या सुपा-टोपल्या. आई ती विणून घर चालवायची. त्याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या बाया शोधल्या, म्हाताऱ्या झालेल्यांना गाठून बोलतं केलं. महाडला, नाशिकला, नागपूरला त्या होत्याच. इतिहासात नव्हत्या. ‘आम्हीही’ ह्या शब्दातला शेवटचा ‘ही’ वाचताना जरा अडखळा. तो आपल्याला मारलेला टोमणा आहे.

तर ह्या सगळ्या पुस्तकांतून मी एवढंच उचललं. दिलेली जागा कुणी का दिली असेना, गावाने, इंग्रजाने, पंचाने की आपल्याच बापाने, ती तपासल्याशिवाय घ्यायची नाही. आणि आपली जागा एकट्याने मिळत नाही. ती दुसऱ्यांसोबत तयार करावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी काय केलं? जन्माने मिळालेला समाज ठेवला आणि निवडलेला समाज उभा केला. त्या दिवशी धम्म घेताना कुणी कुणाची पोटजात विचारली असेल, तर त्याला बाबासाहेब कळले नाहीत.

ह्याला गोदीतला दाखला देतो. पूर्वी गोदीत रोजच्या रोज माणसं उचलायचे. मुकादमाच्या मनात आलं तर काम, नाहीतर उपाशी. कामगार संघटित झाले, भांडले. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, पुढे नोंदणी आली, हजेरी भत्ता आला. माणसाला गेटवर हक्काची जागा मिळाली. ती कुठल्या मालकाने दया म्हणून दिली नाही. मग कंटेनर आले, १९८९ साली पलीकडे न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतलं हाताचं काम आटत गेलं. १९९४ साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आता माझ्यासारखा पोरगा कंत्राटावर. म्हंजे पुन्हा मुकादमाची मर्जी.

गेल्या पावसाळ्यात सळ्यांची मोळी घसरली आणि आमच्यातल्या एकाचं पाऊल चेचलं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, हा आमच्या यादीतच नाही. टोळीत कोण होतं? दोन बिहारी, एक कोकणातला मराठा, दोन मुसलमान, एक तेलुगू, मी, आणि तो जखमी. रोज डबा खाताना आम्ही काही एका वर्तुळात बसत नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी सगळ्यांनी हातमोजे काढून खाली टाकले. दुपारपर्यंत क्रेन उभी. तेव्हा कुठे यादीत त्याचं नाव आलं, दवाखान्याचे पैसे आले. बुडालेला पगार आजतागायत आला नाही. पूर्ण विजय नाही. पण कागदावर जो माणूस नव्हता तो सात जणांनी मिळून कागदावर आणला. मी एवढ्यालाच समाज म्हणतो, आणि तो त्या दिवशी दुपारी बनला.

आता वाचनालय. रविवारच्या मीटिंगपुढे दोन सूचना आहेत. पहिली, सभासद फक्त ‘समाजाचे’ असावेत. म्हंजे पलीकडच्या गल्लीतली मातंग, वडार, मुसलमान पोरं नकोत. दुसरी, मुलींसाठी वेगळी वेळ, दुपारी दोन ते चार.

सूचना आणणारे आपलेच भाऊ आहेत, वाईट माणसं नाहीत. ते म्हणतात, पै पै वर्गणी काढून आपण हे उभं केलं, उद्या दुसऱ्यांनी कब्जा केला तर? ही भीती खरी आहे. आपल्या हातातून किती गोष्टी गेल्या ते मलाही माहीत आहे. पण हीच ती ‘उचल्या’मधल्या वस्तीची भीती. तिच्यावर उपाय आहे. किल्ली आणि हिशोब निवडून दिलेल्या कमिटीकडे ठेवा, दर महिन्याला हिशोब भिंतीवर लावा. दाराला कुलूप घालणं हा उपाय नव्हे. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती कादंबरी आपल्या कपाटात आहे. अण्णाभाऊंचं पुस्तक आत आणि अण्णाभाऊंच्या जातीचं पोर बाहेर? ‘उपरा’ आत आणि वडाराचं पोर बाहेर? मग आपण पुस्तकं जमवतो कशाला, धूळ बसायला?

आणि दुपारी दोन ते चार! आपल्या वस्तीतल्या मुली त्या वेळी कुठे असतात? कुणी धुणीभांड्याला, कुणी पॅकिंगच्या कारखान्यात, कुणी शाळेत. ज्या वेळी ती येऊच शकत नाही ती वेळ तिला द्यायची आणि वर म्हणायचं, आम्ही सोय केली. ही तर सरकारी पद्धत झाली राव! रात्री मुली आल्या तर लोक बोलतील म्हणता. लोक कोण? आपणच. आपण गप्प बसलो की लोक गप्प बसले.

मी दोन्ही सूचनांच्या विरोधात हात वर करणार आहे. माझी स्वतःची सूचना अशी. शनिवारी रात्री आठला सामुदायिक वाचन. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग भांडायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानेही यायचं. पहिलं पुस्तक ‘जिणं आमुचं’, आणि ते मुलींपैकी कुणीतरी वाचावं. माझ्या आईला अक्षरओळख नाही. तिला मी विचारलं, ती येते म्हणाली. पुढच्या रांगेत बसणार म्हणाली, मागून ऐकू येत नाही म्हणून.

रविवारी सगळ्यांनी या. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनाही सोबत आणा. त्यांच्याबद्दल ठरवायचं तर त्यांच्यासमोर ठरवू.

जयभीम.